त्यायले म्हणा, डबल क्लच पाहिजे

ट्रॅक्टर घ्यायला आलेली माणसं काय पाहतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. बॉनेट किती रुंद आहे ते पाहतात. टायरवर लाथ मारून पाहतात. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपेक्षा आपला पाच हॉर्सपॉवरनं तरी मोठा असावा, एवढी काळजी घेतात. मग सीटवर बसून फोटो काढतात आणि पेढे वाटतात. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत आणि मागच्या यंत्रापर्यंत पोचवणारी जी गिअरची पेटी असते, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती लोखंडाच्या आत असते आणि फोटोत येत नाही.

मी त्या पेटीबद्दल शब्द काढला होता. एकदाच काढला, तोही नवऱ्याच्या कानात, आणि त्यावर अख्खी शोरूम हसली. त्या हसण्याचा राग मी आठ वर्षं लोणच्यासारखा मुरवला, अधूनमधून हलवून. कोणी म्हणेल, बाईमाणसानं इतकं मनात धरू नये. ज्यांना असं वाटतं त्यांनी पाच हंगाम साध्या क्लचवर गवताच्या गाठी बांधून दाखवाव्यात, मग बोलू.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. आजूबाजूला सगळे संत्र्या-मोसंबीचे बगीचेवाले. आमच्या घराण्याकडे विहिरीजवळचा तुकडा सोडला तर मुरमाड माळच जास्त. तिथे संत्र्याचं झाड तग धरत नाही, पण गवत कमरेएवढं येतं. माझं माहेर नागपूरला लागून असलेल्या हुडकेश्वरचं. मी लहान असताना तिथे ढोरं मोकळी चरत. आता प्लॉट पडले, घरं झाली, मनीषनगरापासून सगळं एकाला एक लागून गेलं. चरायला जागा उरली नाही, गोठे मात्र काही उरले. माहेरी गेले की गोठेवाले चाऱ्यासाठी हैराण झालेले दिसत. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की आपल्या माळावरचं गवत कापून, वाळवून, मशीननं गाठी बांधून इकडे पाठवावं. कल्पना माझी होती, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ती भासऱ्यांची होती असं पाहुण्यांना सांगितलं जाऊ लागलं.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. घर तेव्हा एकत्र होतं आणि कारभार त्यांच्या हातात होता. जाऊबाई लवकर गेल्या, त्यामुळे घरात बाई मी एकटीच. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. सकाळी मोटारसायकल काढली की संध्याकाळी उगवणार. स्वभावानं इतका गरीब की वर्गातली पोरंही त्याला घाबरत नसत, आणि थोरल्या भावापुढे तर त्याचा आवाजच निघत नसे.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावर पदर घ्यायचा, बाजेवर बसायचं नाही, आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरा जवळ नसेल तर भिंतीला सांगायचं, नाहीतर गायीला. "त्यायले म्हणा, जेवण झालं." गाय ऐकायची, भासरेही ऐकायचे, आणि हात धुऊन पाटावर येऊन बसायचे. तेही माझ्याशी तसंच, तिसऱ्याकडून बोलत. गावात इतर घरांतून ही रीत सैल होत गेली. आमच्या घरात ती भासऱ्यांना सोयीची होती म्हणून टिकली. सोयीची म्हणजे कशी, तर त्यांच्यासमोर बाजेवर बसायला मला बंदी होती, पण ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेलं चालत होतं. ड्रायव्हर टिकत नव्हते ना.

पहिल्या हंगामाला आम्ही काटोलकडून ट्रॅक्टर आणि बेलर भाड्यानं आणला. बेलर म्हणजे वाळलेल्या गवताची ओळ उचलून, दाबून, दोरीनं बांधून मागे गाठ टाकणारं यंत्र. त्याचा ड्रायव्हर म्हातारा होता, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून तासन्‌तास काही बोलत नसे. मी मागे गाठी गोळा करायचे आणि त्याच्या पायाकडे पाहायचे. गवताची ओळ सगळीकडे सारखी नसते. कुठे वाऱ्यानं जाड ढीग होतो. तिथे आला की म्हातारा क्लच अर्धाच दाबायचा. चाकं थांबायची, पण मागचा शाफ्ट फिरत राहायचा, बेलर चालू राहायचा आणि तोंडातला घास नीट गिळून घ्यायचा. मग तो अलगद पाय उचलायचा आणि ट्रॅक्टर पुढे निघायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं तेव्हा त्यानं बाजूला पिचकारी टाकून सांगितलं, की हा डबल क्लच आहे. साधा क्लच असता तर चाकांबरोबर मशीनही थांबली असती आणि दर ढिगाला गच्च भरली असती. त्या हंगामात त्यानं मला चालवायलाही दिला. गावात चर्चा झाली, पण गाठी सरळ रेषेत पडल्या.

पुढच्या वर्षी स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं. त्याच्यावर बेलर ओढायचा आणि पुढे लोडर लावून गाठी ट्रकमध्ये चढवायच्या, ही दोनच मुख्य कामं. आणि दोन्ही कामं मीच करणार, हेही सगळ्यांना माहीत होतं. नागपूरच्या बाहेरच्या रस्त्यावर एका शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. भासरे आणि नवरा टेबलापाशी बसले. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर. विकणारा पोरगा हुशार होता, त्यानं आधीच विचारलं की काम काय करणार. भासरे म्हणाले, नांगरटी आणि ट्रॉली. मी खुर्चीवरच चुळबुळले. गवताचं त्यांनी नावही घेतलं नाही. त्यांची नजर एका भल्यामोठ्या निळ्या ट्रॅक्टरवर होती, कारण तसाच सरपंचाच्या व्याह्याकडे होता.

मी उठले, नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "त्यायले म्हणा, डबल क्लच पाहिजे. बेलरले चालता चालता थांबा लागते."

नवरा खाकरला. घाबरत घाबरत त्यानं तेवढं पुढे पोचवलं. भासरे मागे टेकून हसले आणि विकणाऱ्याला म्हणाले, "घ्या. आमच्या घरी आता बाया गिअर सांगून राहिल्या." तो पोरगा हसला. पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसले. पाणी घेऊन आलेला शिपाईही हसला. मग भासरे नवऱ्याकडे वळले आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिले काय समजते गा गिअरातलं? तिले म्हण, देवानं पाय देले आहेत ना, क्लच दाबाले."

मी परत जाऊन खुर्चीवर बसले. नवऱ्यानं मान वर केली नाही. निळा ट्रॅक्टर घरी आला, साध्या क्लचचा.

त्या ट्रॅक्टरवर मी पाच हंगाम काढले. जाड ढीग आला की क्लच दाबायचा. चाकं थांबली की मशीनही थांबायची, तोंडात घास तसाच. मग गिअर काढून क्लच सोडायचा, की मशीन धाडकन फिरायची आणि शाफ्टाचा बोल्ट तुटायचा. तो तुटण्यासाठीच असतो म्हणतात, म्हणजे मोठं काही मोडू नये. ट्रॅक्टर बंद करायचा, खाली उतरायचं, हातानं गवत उपसायचं, नवा बोल्ट टाकायचा, वर चढायचं. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जायचं. लोडरला तर त्याहून वाईट. गाठीखाली काटे घालायचे, उचलायचं, मागे घ्यायचं, वळवायचं, ट्रकपाशी पुढे न्यायचं, पुन्हा मागे. दर पुढे-मागेला ट्रॅक्टर पूर्ण उभा करून गिअर बदलायचा, नाहीतर पेटी अशी करकरायची की दात आंबावेत. एका ट्रकला डाव्या पायानं किती वेळा क्लच दाबला असेल, देव जाणे, त्यानंच तर पाय दिले होते. तिसऱ्या हंगामात माझा डावा गुडघा सुजला तो कायमचा. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, जिने फार चढता का? मी म्हटलं, आमच्या घराला जिनाच नाही.

आणि भासरे पाहुण्यांना ट्रॅक्टर दाखवायचे. ‘माझी पसंती आहे’ म्हणायचे. बोल्ट तुटला की अंगणातून नवऱ्याला म्हणायचे, तिले म्हण, जपून चालव. मी चुलीपाशी ऐकत असायचे. माझी एकच इच्छा होती, आणि ती मी देवापुढेही बोलून दाखवली नाही. या माणसानं एक दिवस तोंडानं मला विचारावं, की कोणता घ्यावा. दुसऱ्याकडून नाही, थेट. त्यानं विचारावं आणि मी उत्तर देऊ नये.

चार वर्षांपूर्वी वाटणी झाली. माळ अर्धा अर्धा झाला, मधे बांध पडला. बेलर आमच्या वाट्याला आला. निळा ट्रॅक्टर भासऱ्यांनी आपल्याकडे ठेवला, पसंती त्यांची होती म्हणून. मी एका शब्दानं विरोध केला नाही. लखलाभ होवो म्हटलं, अर्थात मनात.

मग मी माझा ट्रॅक्टर घेतला. त्याच शोरूममध्ये गेले. नवरा सोबत होता, पण त्याला भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवला. विकणारा दुसरा होता. तो पहिली दहा मिनिटं नवऱ्याकडेच पाहून बोलत होता. मी त्याला सांगितलं की ट्रॅक्टर चालू कर, मागचा शाफ्ट लाव, आणि क्लच अर्धा दाबून दाखव. मी मागे जाऊन उभी राहिले. चाकं थांबली, शाफ्ट फिरत राहिला. मग विचारलं की हळू चालीचे गिअर किती आहेत, कारण गवताच्या ओळीवर माणसाच्या चालीनं जावं लागतं. मग विचारलं की पुढे-मागेचा दांडा स्टिअरिंगजवळ आहे का, ज्याला शटल म्हणतात, म्हणजे लोडरच्या कामात मुख्य गिअरला हात न लावता पुढचं मागे करता येतं. तिसऱ्या प्रश्नानंतर त्यानं खुर्ची माझ्याकडे फिरवली. त्यानं मोबाइलवर बाहेरच्या देशातला एक व्हिडिओही दाखवला. तिकडच्या ट्रॅक्टरला गिअरच नाही, तेलाच्या दाबावर चालतो. नुसता पेडल दाबला की पुढे, दुसरा दाबला की मागे. माझ्या गुडघ्याला तो फार आवडला. पण तो पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, लोडरला उत्तम आहे, पण बेलर ओढताना ताकद त्या तेलातच खर्च होते, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा तुमच्या बाजूला मिळणार नाही. तेव्हा मी डबल क्लच आणि शटलवर बोट ठेवलं. पेढे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी थेट माळावर गेले.

त्या हंगामात माझा बेलर बांधाच्या या बाजूनं न थांबता चालायचा आणि पलीकडे भासरे उभे राहून पाहायचे. मला ते दिसायचं. त्यांच्यासमोरून जाताना मी मुद्दाम जाड ढिगावर ट्रॅक्टर उभा करायचे, मशीन फिरू द्यायचे आणि मग निघायचे. एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

गेल्या वर्षी निळ्या ट्रॅक्टरच्या पेटीचे दात गेले. भासऱ्यांनी तोवर माझं पाहून स्वतःचा बेलर घेतला होता. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता आणि खोली मिळाली की बायकोला नेतो म्हणत होता. दोन वर्षं त्याला खोली मिळत नव्हती. सून इथेच, सासऱ्याचं रांधायला आणि ढोरं पाहायला. पोरगी शेतकऱ्याच्या घरची, माहेरीच ट्रॅक्टर शिकलेली. त्यामुळे नव्या ट्रॅक्टरवर कोण बसणार, हेही ठरलेलंच होतं.

एका सकाळी भासऱ्यांनी नवऱ्याला निरोप दिला की शोरूमला जायचं आहे, येताना तिलेही आण. नवऱ्यानं ते मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटलं, संपलं आता सगळं. मी पेटीतून चांगली साडी काढली. सणाला नेसते ती.

भिंतीजवळ खुर्च्या होत्याच. मी आणि सून शेजारी शेजारी बसलो, दोघींच्या डोक्यावर पदर. समोर दोन ट्रॅक्टर उभे होते. एक लाल, आकारानं जरा कमी, डबल क्लच, शटल, सगळं नीट. दुसरा करडा, दांडगा, साध्या क्लचचा. भासरे करड्याभोवती दोनदा फिरले, लालभोवती एकदा. सून माझ्याकडे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, काकू, बेलरले आणि लोडरले यातला कोणता चालन? मला स्वच्छ ऐकू आलं. मी समोर पाहत म्हटलं, गप वं, मोठे बोलून राहिले.

मग भासरे थांबले. एका हातानं कान खाजवत नवऱ्याला म्हणाले, "तिले विचार गा, काय म्हणते."

आठ वर्षं. आणि विचारलं तेही तिसऱ्याकडूनच. मला वाटलं होतं की या क्षणी माझं मन भरून येईल. ते आलं नाही. उलट इतकं थंड वाटलं की बरं वाटलं. नवरा माझ्याकडे पाहत होता, सांग म्हणून डोळ्यांनी विनवत होता. मी पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"त्यायले म्हणा, मले काय समजते गिअरातलं? देवानं पाय देले आहेत, क्लच दाबाले."

भासऱ्यांचे कान लाल झाले. त्यांना आठवलं होतं, ते मी पाहिलं आणि साठवून ठेवलं. विकणारा उगाच हसला. भासऱ्यांनी करड्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, हाच. मला डिवचायलाच घेतला. लाल माझ्या ट्रॅक्टरसारखा होता ना, मग तो कसा घेतील?

परत येताना आम्ही दोघंच होतो. मी रस्त्यात कचोरी खाल्ली, दोन. नवरा गाडीत बसून राहिला. नंतर एवढंच म्हणाला, सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, तेव्हा तुम्ही जोरात सांगितलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं? त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्याशीही माझा जुना हिशेब होता, तो मी त्याच फटक्यात चुकता केला.

गवताचा हंगाम दिवाळीनंतर लागला. बांधाच्या पलीकडून आवाज येऊ लागला आणि मला न पाहताही सगळं कळू लागलं. बेलर चालला, थांबला. आता ती उतरली. आता गवत उपसतेय. आता बोल्ट टाकतेय. पहिल्या दिवशी मी चहाचा कप घेऊन बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले. हे लिहायला मला लाज वाटायला हवी, पण तेव्हा वाटली नाही. मी कप संपेपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशीही ऐकलं. भासरे आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. धुतलेला सदरा, पायात चपला. बेलर भरला की बसल्या जागेवरून सुनेवर ओरडायचे, क्लच दाब वं, क्लच. ती दाबतच होती. तिसऱ्या दिवशी गाठी उचलणाऱ्या मजुरांना ते सांगत होते की सून कच्ची आहे, हिच्या हाती मशीन टिकत नाही. ते मला बांधावर ऐकू आलं आणि माझा चहा कडू झाला. माझा सूड चालू होता, पण त्याचा एक कणही त्यांच्या सदऱ्यावर उडत नव्हता. त्यांना तो सूड आहे हेच माहीत नव्हतं! आपण गाढवपणा केला, असं त्यांना वाटतच नव्हतं. सूनच निकामी आहे, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं होतं. माझ्या आठ वर्षांच्या रागाचं असं मातेरं मी होऊ देणार नव्हते.

मी कप ठेवला आणि बांध ओलांडला. आंब्यापाशी जाऊन थेट त्यांच्यासमोर उभी राहिले आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. बोलायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं की या माणसाला काय म्हणून हाक मारायची, तेच मला येत नाही. सव्वीस वर्षांत कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले.

"पोरगी कच्ची नाही. ट्रॅक्टर चुकला. हा बेलरचा ट्रॅक्टरच नाही, लोडरचाही नाही. मले तिथे, शोरूममधेच माहीत होतं. ‘लाल घ्या’, एवढाच शब्द लागला असता. मुद्दाम नाही सांगितलं."

मजुरांचे हात थांबले. भासऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. निरोप द्यायला भाऊ नव्हता, तो शाळेत होता. गाय नव्हती, भिंत नव्हती. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. मग आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याकडे पाहून, मला म्हणाले, "सांगाचं होतं."

"विचाराचं होतं," मी म्हटलं. "मले. सरळ, तुमच्या तोंडानं."

त्यांनी गमछा खांद्यावर टाकला आणि मजुरांसमोरून मान खाली घालून घराकडे निघाले. खुर्ची तिथेच राहिली. मी त्यांना पार पांदणीच्या वाटेच्या वळणापर्यंत जाताना पाहिलं, कारण ते पाहण्यासाठीच मी इतकी वर्षं थांबले होते. भासऱ्यांबद्दल मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

परत बांध ओलांडून मी आमच्या विहिरीवर आले. पंप चालू करून तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात सून रिकामा पाण्याचा डबा घेऊन आली. तिच्या केसांत गवताचा भुसा, हाताच्या बोटांना दोरीचे काप. तिनं वरून सगळं ऐकलं असणार, ट्रॅक्टर तेव्हा बंदच होता. मला वाटलं, ती खूश असेल. तिच्याही वतीनं बोलले होते मी, मजुरांसमोर तिची बाजू घेतली होती. मी हसून म्हटलं, ऐकलं ना वं?

"ऐकलं," ती म्हणाली. डबा नळाखाली धरला. तो काठोकाठ भरला. मग झाकण लावता लावता बोलली, आवाज न चढवता.

"त्यायनं नसन विचारलं, काकू. मीनं त विचारलं होतं."

ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. डबा काखेत धरून बांध ओलांडला, करड्या ट्रॅक्टरमागे वाकून बेलरच्या तोंडातलं गवत उपसलं, नवा बोल्ट टाकला, आणि वर चढून क्लच दाबला.